डोक्यात हवा, घरात गणपती

आधी तो विनोद उरकून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या ओठांवर तो उगाच वळवळत राहायला नको. हो, माझ्या डोक्यात हवा गेली होती. खरीखुरी हवा. कवटीच्या आत, मेंदूच्या कडेकडेनं. आणि तिथवर चढताना थोडी पाठीच्या कण्यातही रेंगाळली होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या ज्या मराठी माणसाला मी हे सांगितलं, त्यातल्या एकानंही "ती आधीपासून असेल" असं म्हणायचं सोडलेलं नाही. माझ्या सासऱ्यांनी तर पुण्याहून एसटीडी लावून म्हटलं होतं. तेव्हा एसटीडीचं मीटर काय धावायचं ते आठवतं ज्यांना, त्यांना कळेल की त्या विनोदात किती जीव होता.

तर झाला विनोद. आता काय घडलं ते सांगतो.

नव्वदीच्या मधली वर्षं. आम्ही नल्लकुंट्यात राहायचो. आजोबा शेती भावाच्या हवाली करून निझामाच्या काळात हैदराबादेत आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आमच्या मराठीत 'नक्को' आणि 'हौ' कधी शिरले हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझं लग्न होऊन पुण्याची मुलगी घरात आली तेव्हा आलं. ती म्हणायची, "तुम्ही मराठीत बोलता तेव्हा मला अर्धं कळतं. हिंदीत बोलायला लागलात की तेवढंही नाही."

लग्नाला सात महिने झाले होते. ठरवून झालेलं लग्न, दोनदा बघणं, एकदा चहा. त्यामुळे आमच्यात जे काही बोलणं सुरू झालं होतं ते सगळं तिच्या टोमण्यांतून. माझ्या उंचीवर, माझ्या वजनावर (पाच फूट अकरा इंच, बावन्न किलो, ती मला दोरीवर वाळत घातलेला पायजमा म्हणायची), माझ्या 'हौ'वर. मला ते फार आवडायचं. आमच्या घरात प्रेम सांगायची पद्धत नव्हतीच, खेचायची होती. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, या कामात तरबेज होते. सून आली आणि आठवड्याभरात त्यांना जोडीदार मिळाल्यासारखं झालं. जेवायला बसलो की दोघं दोन्ही बाजूंनी मला सोलायचे आणि आई मध्ये बसून वाढायची.

मी कुकटपल्लीला एका कारखान्यात होतो. तिथं कंप्रेसरचे व्हॉल्व्ह बनायचे आणि ते गळतात का हे बघणं माझं काम. व्हॉल्व्हमध्ये दाबाची हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि एक मिनिट बघत बसायचं. बुडबुडा आला की नापास. नाही आला की पाठीवर शिक्का. दिवसभर पाण्याकडे बघत बसणाऱ्या माणसाला पगार कसा मिळतो, हे कोडं बायकोला सात महिन्यांत सुटलं नव्हतं.

त्या वर्षी बाजारात एकाएकी सगळं मिळायला लागलं होतं आणि आमच्याही घरात एक पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन आलं होतं. ते बैठकीत उभं होतं. कारण त्याला नळाचं सतत पाणी लागायचं आणि नल्लकुंट्यात पाणी एक दिवसाआड, तेही तासभर, हे घेताना कुणाला सुचलं नव्हतं. कुणाला म्हणजे मला. आईनं मशीनवर क्रोशाचं कव्हर घातलं आणि कव्हरावर फोन ठेवला. फोन वाजला की मशीन थोडं थरथरायचं. त्याच्याकडून झालेली हालचाल ती तेवढीच.

आमच्या घरचा गणपती दीड दिवसांचा. महालक्ष्म्या गावाकडे थोरल्या घरी बसायच्या, इथं फक्त गणपती, आणि तोही दीड दिवस. सुनेचा हा आमच्याकडचा पहिला. तिच्या माहेरी अकरा दिवस असायचा.

"दीडच दिवस?" तिनं आबांना विचारलं होतं.

"दीडच. माझ्या बापानं दीड दिवस आणला, मी दीड दिवस आणतो."

"मग पुण्याच्या माणसांचं काय अडलंय, अकरा दिवस ठेवायला?"

"त्यांना दुसरं काम नसतं, सूनबाई."

ती हसली, पण नंतर स्वयंपाकघरात जाऊन नुसते डबे उघडत-झाकत होती. मला ते दिसलं होतं. मी जाऊन पाणी प्यालो.

त्या घरात गणपतीपेक्षा जुना म्हणजे आजोबांचा शंख. आरती संपली की तो तीनदा फुंकायचा. पहिला छोटा, दुसरा मध्यम, तिसरा दम संपेपर्यंत. चाळीस वर्षं तो आबांनी फुंकला. त्यांचा तिसरा शंख कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलपर्यंत जायचा, आणि तिथली गिऱ्हाइकं म्हणे चहाचा कप खाली ठेवायची. पण त्या उन्हाळ्यात आबांना कवळी बसली. कवळी घालून शंख वाजत नाही. काढूनही वाजत नाही. आबांनी महिनाभर बाथरूमचं दार लावून प्रयत्न केले, हे आम्हाला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं आम्ही वागत होतो. शेवटी चतुर्थीच्या आठवडाभर आधी त्यांनी शंख माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ बाबा, तुझ्या छातीच्या पिंजऱ्यात काही असेल तर."

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मला उजव्या बगलेखाली दुखायला लागलं. दम घेतला की टोचायचं. आमच्याकडे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काहीही दुखलं तरी तो गॅस असतो. आईनं ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला, पाठ चोळली. आबा म्हणाले, "दोन दिवसांत शंख फुंकायचाय म्हटल्यावर पोटात गोळा येणारच." मीही तेच धरून चाललो. गळती शोधण्यात ज्याचा दिवस जातो त्या माणसाच्या स्वतःच्या फुफ्फुसाला भोक पडलं होतं, आणि तो हिंग लावून फिरत होता.

चतुर्थीला दुपारी आरती झाली. गल्लीतली दहा-बारा माणसं होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदर खोचलेला, हाताला उकडीचं पीठ. मी पहिला शंख फुंकला. बरा वाजला. दुसरा मध्येच तुटला, कारण बगलेत कळ आली.

"संपला दम?" आबा म्हणाले. "लोकांचे व्हॉल्व्ह तपासता तपासता आपलीच हवा गेली वाटतं चिरंजिवांची."

सगळे हसले. तीही हसली. मी तिच्याकडे बघून तिसरा शंख फुंकला.

तो शंख कोपऱ्यापर्यंत गेला, नक्की गेला. मी डोळे मिटून फुंकत होतो आणि छातीच्या आत काहीतरी हलकेच फाटल्यासारखं झालं. मोठं दुखलं नाही. सुपारी फुटावी तेवढंच. शंख खाली ठेवला आणि "झालं का समाधान?" असं विचारायला तोंड उघडलं, तर आवाज माझा नव्हता. नाकातून, पातळ, बदकासारखा. पुन्हा सगळे हसले. आबा म्हणाले, "शंख फुंकला की शंखानं तुला फुंकलं?"

माझी मान भरून येत होती. ती पुढे आली, पिठाचा हात पदराला पुसला आणि गळ्याच्या हाडावर, खळगीत, दोन बोटं दाबली. आतून कुरकुर आवाज आला. बोटाखाली कातडी चुरमुऱ्यांची पुडी दाबावी तशी लागत होती.

"अहो, यांच्या मानेत चुरमुरे आहेत," ती म्हणाली.

लोक अजून हसत होते. तिला वाटलं असावं की तीही हसतेय. मग तिचा चेहरा बदलला. चप्पल न घालताच ती रिक्षा आणायला धावली.

विद्यानगरच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. उजवं फुफ्फुस मुठीएवढं होऊन कोपऱ्यात बसलं होतं. बरगड्यांच्या मधून एक नळी आत घातली आणि तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या काचेच्या बाटलीत, पाण्यात बुडवलं. छातीत साचलेली हवा त्या पाण्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडायची. मला जरा शुद्ध आल्यावर मी मान वाकडी करून ती बाटली बघितली आणि थेट कारखान्यात असल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की या वेळी टाकीत मी होतो.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. साधं नव्हे. उशीवरून मान जराशी उचलली की कुणीतरी आतून कवटी ठोकायचं. पायांना मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी मोठ्या यंत्रात घालून डोक्याचा आणि पाठीचा फोटो काढला, आणि तो आम्हा दोघांना दाखवला. कण्याच्या नळीत काळे ठिपके एकाखाली एक, मंगळसूत्रातल्या मण्यांसारखे. कवटीच्या पुढच्या बाजूला आणखी तीन-चार.

डॉक्टर तेलुगू होते, पण आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. त्यांनी सांगितलं ते असं. फुफ्फुसातून फुटलेली हवा छातीत मावली नाही. ती मानेत चढली, तिथून मणक्यांच्या फटींतून कण्याच्या नळीत शिरली आणि कण्याच्या वाटेनं डोक्यात गेली. ती बाहेर काढायची नसते. शरीर तिला हळूहळू जिरवून टाकतं. फक्त नवी हवा वर चढता कामा नये. चढली तर मेंदूवर दाब येईल, आणि मग कवटीला भोक पाडून ती काढावी लागेल.

"तो अब सीधा लेटना," ते बोटांवर मोजत म्हणाले. "खाँसना नक्को. छींकना नक्को. जोर करना नक्को. और हँसना बिलकुल नक्को."

मी तिच्याकडे पाहिलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच कुणी तिच्यासमोर 'नक्को' म्हटलं आणि तिनं त्याची नक्कल केली नाही.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत आमचा गणपती जायचा होता. आई डबा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "विसर्जन झालं?"

"नाही," आई म्हणाली. "आबा म्हणाले, राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"आता पाच दिवसांचा करू म्हणाले. पोरगं दवाखान्यात असताना घरातून कुणी जायचं नाही, असं म्हणाले." आई डब्याचं झाकण उघडत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "आता रोज नैवेद्याला वेगळं काय करायचं, मला सुचत नाही."

ज्या माणसानं बापाचा दीड दिवस चाळीस वर्षांत हलू दिला नाही, त्यानं तो हलवला होता. घड्याळाचा काटा मागे ओढावा तसा.

हसायला बंदी झाल्यावर आमच्या कुटुंबाची फार पंचाईत झाली. आबा रोज दोनदा यायचे आणि पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी दांडी धरून उभे राहायचे. "कसंय?" एवढं विचारायचे. त्यापुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार असायचं, ते मला त्यांच्या गालावर दिसायचं, आणि ते गिळून टाकायचे. मग पंख्याकडे बघायचे. मग "बरं" म्हणून जायचे. एकदा जाता जाता परत वळले आणि म्हणाले, "शंख माळ्यावर टाकला मी."

"का?"

"असाच." परत येऊन त्यांनी दांडी धरली. "मीच म्हणालो ना. दम संपला का म्हणून."

मला 'तसं काही नाही' म्हणायचं होतं, पण माझा आवाज अजून बदकाचाच होता. त्या आवाजात ते बोललो असतो तर दोघंही हसलो असतो. म्हणून मी नुसती बोटं हलवली. त्यांनीही दांडीवरची बोटं हलवली.

आणि ती. ती दिवसभर लाकडी स्टुलावर बसायची. तिला माझ्याशी फक्त टोमण्यांतून बोलता येत होतं आणि टोमणे बंद झाले होते, त्यामुळे पहिले दोन दिवस आमच्यात शब्दच नव्हता. ती उशी सरळ करायची, ऑक्सिजनच्या मास्कची दोरी सैल करायची, आणि सकाळ झाली की गळ्याच्या खळगीत दोन बोटं दाबून चुरमुरे तपासायची. सात महिन्यांत चारचौघांत तिनं मला हातसुद्धा लावला नव्हता. आता नर्स, वॉर्डातली माणसं, आई, सगळ्यांच्या देखत ती ते करायची, आणि मी छताकडे बघत पडायचो. मानेत हवा होती ते बरंच होतं म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी तिनं पेपर वाचून दाखवायचं ठरवलं. पण पेपरात एका नेत्याचं भाषण त्याच्याच शब्दांत छापलं होतं, आणि तिला ती हैदराबादी हिंदी वाचता येईना. तिच्या तोंडून ते असं निघालं की मला आवरेना. मी हसू आतल्या आत दाबलं. तोंडावर मास्क, चेहरा दगड. मला वाटलं जमलं.

"हसलात," ती म्हणाली.

"नाही."

"बाटली बघा."

बाटलीत बुडबुड्यांची रांग लागली होती. माझं हसू छातीत दाबलं तरी नळीतून खाली जायचं आणि पाण्यात दिसायचं. बायकोपासून काही लपवता येत नाही असं लोक म्हणतात, पण त्यासाठी नळी घातलेला नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

ती घाबरली. डोकं दुखलं का, पाय हलतात का, दहादा विचारलं. तेव्हा मी माझ्या बदकाच्या आवाजात तिला माझी नोकरी समजावून सांगितली. बारीक बुडबुडे सतत येत असतील तर भोक उघडं आहे. मोठा एखादाच आला तर आत अडकलेली हवा सुटली, काळजी नाही. आणि काहीच नाही आलं, पूर्ण मिनिटभर, खोकल्यावरसुद्धा नाही, तर माल पास. ती स्टूल बाटलीजवळ ओढून बसली आणि पाण्याकडे बघायला लागली. संध्याकाळी म्हणाली, "डोळे दुखतात हो यानं." एवढंच. पण ते तिनं माझ्या कामाविषयी काढलेलं पहिलं सरळ वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी ती घरी जाऊन आंघोळ करून आली तेव्हा तिच्या हातात वॉशिंग मशीनची पुस्तिका होती.

"घरातलं सगळ्यात कंटाळवाणं हेच सापडलं," ती म्हणाली. "यात हसण्यासारखं काही नाही. मी पाहून आले."

पुस्तिका इंग्रजीत होती. ती वाक्य वाचायची, मराठी करायची आणि अगदी सपाट आवाजात सांगायची. मशीन समतल जागी ठेवावे. कपडे धुण्यापूर्वी खिसे रिकामे करावेत. जास्त मळलेले आणि कमी मळलेले एकत्र करू नयेत. मी डोळे मिटून ऐकायचो. कुणी मला लहानपणानंतर असं वाचून दाखवलं नव्हतं. मध्ये मध्ये ती थांबायची आणि मिनिटभर पाण्याकडे बघायची. बुडबुडे मोजून समासात पेन्सिलनं रेघा मारायची. मग पुढचं पान.

एकदा तिचं ते सपाट वाचन चालू असतानाच मला शिंक आली. कुणीतरी शेजारच्या पेशंटला पावडर लावत होतं. मी नाक दाबायला गेलो, ती माझ्या आधी पुढे झाली आणि ओठाच्या वर बोट गच्च दाबून धरलं. शिंक अर्धी आत गेली. डोक्यात असं काही उठलं की खोली पांढरी झाली. बाटली उकळल्यासारखी झाली. नर्स आली, डॉक्टर आले, टॉर्चनं डोळे तपासले, पाय हलवायला लावले. पाय हलले. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "पाणी घेऊन येते," आणि रिकामा तांब्या तिथंच ठेवून बाहेर गेली. दाराच्या काचेतून मला तिची पाठ दिसत होती. भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि खांदे हलत होते. मला उठता येत नव्हतं. हाक मारायला आवाज नव्हता. सात महिने मी तिला हसताना बघत होतो, आणि आपल्यासाठी कुणी असं रडेल हे मला त्या काचेपर्यंत माहीत नव्हतं.

ती आत आली, तोंड धुतलेलं होतं. पुस्तिका उघडली.

"पान सात," ती म्हणाली. "पाण्याचा नळ बंद असल्यास मशीन सुरू करू नये." तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "हे त्यांनी पहिल्या पानावर छापायला हवं होतं."

बाटलीत एक बुडबुडा आला. मोठा, एकच. तिनं रेघ मारली.

पाचव्या दिवशी पुन्हा फोटो झाला. डोक्यातली हवा वाढली नव्हती, पण कमीही झाली नव्हती. बातमी घरी गेली आणि आबांनी गणपती सात दिवसांचा केला. सातव्या दिवशी डोकेदुखी उतरली, पण बाटलीत बारीक बुडबुडे येतच होते. आबांनी तो अकरा दिवसांचा केला. आईनं सांगितलं, गल्लीतली माणसं विचारायला लागलीत, तुमच्याकडे यंदा पद्धत बदलली का. आबा म्हणतात, हौ, आमच्या सूनबाईच्या माहेरची पद्धत आहे.

तिनं ते ऐकलं. त्या दिवशी डबा तिनं दोनदा धुतला.

नवव्या दिवशी माझा आवाज परत आला. दहाव्या दिवशी शेवटचा फोटो. डॉक्टर तो घेऊन आले तेव्हा आबा पायथ्याशी होते, आई डबा धरून उभी होती, ती स्टुलावर. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. कण्यातले मणी गेले होते. कवटीत मोहरीएवढा एक ठिपका उरला होता. तोही जाईल म्हणाले. आता प्रश्न फक्त छातीतल्या भोकाचा. ते बंद झालं असेल तरच नळी निघणार.

"जरा खाँसो," ते म्हणाले.

मला जमेना. दहा दिवस ज्याची भीती बाळगली ते एकाएकी करायचं म्हटल्यावर अंग ऐकेना. मी घशातून नुसता खरडल्यासारखा आवाज काढला. पाणी हललंसुद्धा नाही.

"ऐसा नहीं. अच्छा, हँसाव इनको," डॉक्टर म्हणाले. "अब हँसने में कुछ नहीं. हँसाव."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जेवणाच्या पाटावर एकेका घासाला मला हसवून ठसका लावणारी ही माणसं, एकालाही काही सुचेना. आई म्हणाली, "अगं बाई, आता काय सांगावं." डॉक्टर घड्याळ बघत होते.

तिनं पुस्तिका उघडली आणि रोजच्याच सपाट आवाजात वाचायला लागली.

"पान अकरा. नाजूक कपडे. यात रेशमी साड्या, लोकरीचे स्वेटर आणि नल्लकुंट्याचे शंख फुंकणारे नवरे येतात. यांना गरम पाण्यात घालू नये. पिळू नये. दोरीवर टांगल्यास आणखी लांबतात."

आबांच्या तोंडून पहिला आवाज निघाला. मग मी. बगलेत नळी ओढल्यासारखी झाली, टाक्यांना ताण बसला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी दहा दिवसांचं सगळं हसलो. नळीतलं पाणी वर चढायचं, खाली यायचं. आई हसत होती, डॉक्टरांना मराठी येत नव्हतं पण तेही हसत होते. एकटी ती हसत नव्हती. ती वाकून बाटलीकडे बघत होती, नाक जवळजवळ काचेला लागलेलं, आणि ओठ मोजल्यासारखे हलत होते.

एक मिनिट.

"पास," ती म्हणाली. मग तिनं डोकं माझ्या पलंगाच्या कडेवर टेकलं, आणि आबा, आई, डॉक्टर, कुणाचीही पर्वा न करता तसंच राहू दिलं.

मी घरी आलो ती अनंत चतुर्दशी होती. विसर्जनासाठी टँकबंडच्या तलावाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ते भरले होते, म्हणून रिक्षा गल्लीबोळांतून आली. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. बैठकीत गणपती होता, अकरा दिवसांच्या हारांनी जरा सुकलेला, आणि त्याच्या शेजारी कव्हर घातलेलं मशीन. शेजाऱ्यांच्या विहिरीत विसर्जन करायचं ठरलं होतं, म्हणजे मला चार पावलं चालत जाता येईल.

आरती झाली. मग सगळे थांबले. शंखाची वेळ होती, आणि शंख माळ्यावर असायला हवा होता. तो देव्हाऱ्यासमोर होता, पुसून ठेवलेला. आबांनी सगळ्यांच्या देखत कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि रुमाल सुनेच्या हातात दिला. शंख तोंडाला लावला. फुस्स झालं. दुसऱ्यांदा फुस्स झालं. तिसऱ्यांदा त्यांनी गाल फुगवून, मान लाल करून फुंकला, आणि सायकलच्या ट्यूबमधून निघावा तसा एक बारीक आवाज निघाला. तो मशीनवरच्या फोनपर्यंत तरी पोहोचला की नाही, सांगता येत नाही.

आधी आबाच हसले, दातांशिवाय. मग शंख धोतराच्या सोग्याला पुसून त्यांनी तिच्यापुढे धरला. रुमाल परत घेतला.

"बघा सूनबाई. आमच्यात आता तुमच्याशिवाय धड पिंजरा कुणाचा उरला नाही."

"मला नाही येत, आबा."

"त्याला येत होतं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पायजम्याची नाडी धरून उभा होतो, आणखी दोन किलो उतरलेला. तिनं शंख घेतला. आधी दोनदा नुसती हवा. तिसऱ्यांदा वाजला. कोपऱ्यापर्यंत गेला की नाही ते बघायला कुणी गेलं नाही.

आता आबा नाहीत, आई नाही. नल्लकुंट्यात पाणी रोज येतं, मशीन तिसरं आहे, आणि त्याच्यावर फोन नाही. गणपती अकरा दिवसांचा असतो. का, असं मुलं विचारतात, तेव्हा ती म्हणते पुण्याची पद्धत आहे, आणि मी म्हणतो आबांची आहे, आणि आम्ही दोघंही खरंच बोलत असतो. शंख तीच फुंकते. तो झाला की खाली ठेवते, चारचौघांत माझ्याजवळ येते आणि गळ्याच्या खळगीत दोन बोटं दाबते.

"काही नाही," ती म्हणते. मग प्रसाद वाटायला जाते.